सॉफ्टवेअर इंटर्नशिपची मुलाखत ‘ओरल’सारखी देऊ नका

अभियांत्रिकीच्या पहिल्या दोन वर्षांत आपल्याकडचा विद्यार्थी डझनभर तरी ‘ओरल’ (तोंडी परीक्षा) देतो. दुसऱ्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) जर्नलची पाने चाळत प्रश्न विचारतात. उत्तर येत असेल तर व्याख्या म्हणून दाखवायची, येत नसेल तर गप्प राहून पुढच्या प्रश्नाची वाट पाहायची, ही रीत अंगवळणी पडते. तिसऱ्या वर्षात तोच विद्यार्थी सॉफ्टवेअर कंपनीच्या इंटर्नशिपसाठी मुलाखतीला बसतो आणि नकळत त्याच रीतीने वागतो. गेली काही वर्षे पुण्यात मी अशा मुलाखती घेत आलो आहे. उत्तर न आल्यामुळे नाकारलेले विद्यार्थी मला फारसे आठवत नाहीत. गप्प बसल्यामुळे काहीच कळले नाही म्हणून नाकारावे लागलेले मात्र पुष्कळ आठवतात. पहिल्या अर्जापासून ऑफर लेटरपर्यंत काय काय घडते आणि कोणत्या टप्प्यावर काय करावे, हे क्रमाने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी वेळापत्रक

चार वर्षांच्या पदवीत इंटर्नशिपचे दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. तिसरे वर्ष संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत होणारी साधारण दोन महिन्यांची एक, आणि शेवटच्या वर्षाच्या अखेरच्या सत्रात जानेवारी ते जून अशी पाच-सहा महिन्यांची दुसरी. दोन्हींची भरती प्रत्यक्ष कामाच्या बरीच आधी होते. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्या अनेक कॉलेजांत पाचव्या सत्राच्या सुरुवातीलाच, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, येतात. मार्चमध्ये अभ्यासाला लागणाऱ्याची गाडी तेव्हाच सुटलेली असते.

टीपीओकडून (कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याकडून) आलेल्या नोटिशीत पात्रतेच्या अटी असतात : किमान सीजीपीए (सर्व सत्रांची मिळून गुणश्रेणीची सरासरी), चालू केटी (सोडवायचा राहिलेला विषय) नसणे, दहावी-बारावीची टक्केवारी. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी बारावीच्या रकान्यात काय भरायचे, हे टीपीओला आधीच विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी तेथे डिप्लोमाची टक्केवारी चालते, पण फॉर्ममध्ये चुकीचा पर्याय निवडल्यामुळे संगणकानेच नाव गाळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तुमच्या कॉलेजात मोठ्या कंपन्या येत नसतील, तर कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून थेट अर्ज करणे आणि तेथे काम करणाऱ्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांकडून रेफरल (शिफारस) मिळवणे, हे दोन मार्ग उरतात. रेफरलने मुलाखतीचे दार उघडू शकते. मुलाखत सोपी होत नाही.

रेझ्युमेवरचा प्रत्येक शब्द म्हणजे एक प्रश्न

रेझ्युमे एका पानाचा असावा. मुलाखत घेणारा तो बहुधा मुलाखतीच्या काही मिनिटे आधी वाचतो आणि ज्या शब्दावर त्याची नजर अडखळते, त्यावर पहिला प्रश्न येतो. कौशल्यांच्या यादीत सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, रिॲक्ट, डॉकर, मशीन लर्निंग असे सगळे ओळीने लिहिणाऱ्याला मी हमखास शेवटच्या तिनांपैकी एकावर विचारतो, कारण यादी जिथे फुगवली जाते ती जागा बहुतेक वेळा तीच असते. एक भाषा नीट येत असेल तर ती पहिली लिहावी. ज्या गोष्टीवर पाच मिनिटे सलग बोलता येणार नाही, ती लिहूच नये.

प्रोजेक्टच्या बाबतीत आपल्याकडे एक विशेष अडचण असते. चौघांचा गट, काम एकाने केलेले, आणि रेझ्युमेवर मात्र चौघांच्याही नावावर तोच प्रोजेक्ट. गटातल्या तुमच्या वाट्याला फक्त लॉगिनचे पान आले असेल, तर लॉगिनचेच पान लिहा, पण ते पूर्ण समजून घ्या : पासवर्ड डेटाबेसमध्ये जसाच्या तसा का ठेवत नाहीत, हॅश म्हणजे काय, त्यात सॉल्ट का मिसळतात, लॉगिन झाल्यावर सर्व्हर तुम्हाला पुढच्या वेळी कसा ओळखतो. एवढ्यावर वीस मिनिटे छान निघतात. उलट ‘एआय-आधारित पीक रोगनिदान प्रणाली’ असे भारदस्त नाव लिहून, चित्रे कोठून आणली आणि त्यांतली किती चाचणीसाठी बाजूला ठेवली, हे सांगता आले नाही, तर पुढची सगळी मुलाखत संशयाच्या सावलीत जाते.

ऑनलाइन चाचणी

पहिली चाळणी बहुधा हॅकररँक, कोडसिग्नल किंवा कोडिलिटी यांसारख्या प्लॅटफॉर्मवर होते. वेळ साधारण तासभर ते दीड तास, त्यात दोन-तीन कोडिंगचे प्रश्न. काही कंपन्या जोडीला ॲप्टिट्यूड आणि संगणकशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्नही घालतात. कोड तपासताना दिसणाऱ्या दोन-तीन उदाहरणांशिवाय अनेक लपवलेल्या टेस्ट केस (तपासणीची उदाहरणे) असतात आणि गुण त्यांवर ठरतात. म्हणून ‘सँपल चालले’ याला फारसा अर्थ नाही.

प्रश्नाखाली दिलेल्या मर्यादा वाचण्याची सवय लावून घ्या, कारण कोणती पद्धत चालेल हे तेथेच सांगितलेले असते. ॲरेमध्ये (आकड्यांच्या क्रमवार यादीत) १ लाख आकडे असू शकतात असे लिहिले असेल आणि तुम्ही एका लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांमध्ये) दुसरा लूप घातलात, तर १ लाख गुणिले १ लाख म्हणजे १,००० कोटी फेऱ्या होतात. सेकंदाला सुमारे १० कोटी साध्या क्रिया, असा ढोबळ हिशेब सी प्लस प्लससाठी धरतात. पायथनसाठी त्याहून बराच कमी धरावा. यावरून हा कोड वेळेत संपणार नाही, हे लिहिण्याआधीच कळते. मर्यादा १,००० आकड्यांची असेल, तर तोच दुहेरी लूप बिनधास्त चालतो. दुसरी नेहमीची चूक बेरजेची : ३२ बिटांच्या पूर्णांकात सुमारे २१४ कोटींपर्यंतचाच आकडा मावतो, त्यामुळे मोठ्या बेरजांसाठी सी प्लस प्लसमध्ये ‘लाँग लाँग’ किंवा जावात ‘लाँग’ वापरावा लागतो. सगळे तर्कशुद्ध लिहूनही शेवटच्या चार टेस्ट केस का पडतात, याचे उत्तर पुष्कळदा इतके साधे असते.

एक प्रश्न पूर्ण सुटत नसेल, तर साधी, संथ पद्धत लिहून सबमिट करा; अनेक ठिकाणी जितक्या केस उत्तीर्ण, तितके गुण मिळतात. चाचणीच्या वेळी कॅमेरा चालू असतो, टॅब बदलल्याची नोंद होते आणि विद्यार्थ्यांचे कोड एकमेकांशी ताडून पाहिले जातात. व्हेरिएबलची नावे बदलली म्हणजे उसना कोड ओळखू येत नाही, हा हॉस्टेलवरचा समज खोटा आहे. राहिली वीज : गावाकडून चाचणी देत असाल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या दिवशी जोडून पाहा, आणि मध्येच संपर्क तुटला तर कोणाला कळवायचे तो क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा.

तांत्रिक फेरी : पंचेचाळीस मिनिटांत काय घडते

ही फेरी पंचेचाळीस मिनिटे ते तासभर चालते. इंटर्नशिपसाठी अशा एक ते तीन फेऱ्या होतात. सुरुवातीला ओळख, मधली तीस-पस्तीस मिनिटे एक किंवा दोन प्रश्न, आणि शेवटची पाच मिनिटे तुमच्या प्रश्नांसाठी. कोड एखाद्या सामायिक एडिटरवर लिहायचा असतो. तो कधी चालवून पाहता येतो, कधी येत नाही. काही ठिकाणी तर साध्या कोऱ्या पानावर लिहावे लागते, जेथे सुटलेला कंस दाखवून देणारेही कोणी नसते. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी कागदावर कोड लिहून पाहावा.

आता एक प्रश्न जवळून पाहू. ‘पूर्णांकांचा एक ॲरे दिला आहे. ज्यांची बेरीज ७ येते असे सलग घटकांचे किती तुकडे त्यात आहेत?’ ॲरे असा आहे : ३, ४, उणे ७, १, ३, ३.

पण हा ॲरे मी सुरुवातीला दाखवत नाही; फक्त प्रश्न सांगून थांबतो. ओरलच्या सवयीचा विद्यार्थी लगेच टाइप करू लागतो. समजदार विद्यार्थी विचारतो, “सर, आकडे उणे असू शकतात का?” या एका प्रश्नाने मुलाखतीचा नूर पालटतो, कारण सगळे आकडे धन असतील तर एक पद्धत चालते आणि उणे असतील तर ती कोलमडते. त्याने आणखी दोन गोष्टी विचारायला हव्यात : ॲरे किती मोठा असू शकतो, आणि रिकामा असेल तर काय उत्तर अपेक्षित आहे. यात पाच मिनिटे गेली तरी ती वाया गेलेली नसतात.

त्यानंतर सर्वांत साधी पद्धत तोंडी सांगावी : प्रत्येक जागेपासून सुरुवात करून पुढे बेरीज करत जायचे आणि ७ आले की मोजायचे. ही दुहेरी लूपची पद्धत आहे, १ लाख आकड्यांसाठी ती संथ पडेल, असेही स्वतःच सांगावे. अनेक जण साधी पद्धत सांगायला लाजतात. तिच्यामुळे प्रश्न तुम्हाला बरोबर समजला आहे हे मला कळते, म्हणून ती सांगायलाच हवी.

मग सुधारणा. पुष्कळ जण येथे ‘स्लायडिंग विंडो’ म्हणतात, कारण तसा प्रश्न त्यांनी सोडवलेला असतो. खिडकीतली (घेतलेल्या सलग तुकड्याची) बेरीज ७ झाली किंवा ७ च्या वर गेली की डावी बाजू आत घ्यायची, ही त्यामागची कल्पना. ती टिकते ती आकडा मिळवला की बेरीज वाढते या गृहीतावर. उणे ७ आला की ते गृहीत मोडते. आपल्या उदाहरणात ३ आणि ४ मिळून ७ होतात, तेथे खिडकी पुढे सरकते. पण संपूर्ण ॲरेची बेरीजही ७ च आहे, आणि तो तुकडा हातातून निसटतो.

चालणारी पद्धत चालत्या बेरजेची आहे. सुरुवातीला शून्य धरून प्रत्येक जागेपर्यंतची बेरीज लिहीत गेलो, तर ०, ३, ७, ०, १, ४, ७ असे आकडे मिळतात. यांतल्या दोन आकड्यांत, नंतरच्यातून आधीचा वजा करून, ७ चा फरक आला की त्यांच्या मधल्या तुकड्याची बेरीज ७ असते. म्हणून प्रत्येक जागी एवढेच विचारायचे : आत्ताच्या बेरजेतून ७ वजा केल्यावर जो आकडा उरतो, तो याआधी किती वेळा येऊन गेला? ती नोंद हॅश मॅपमध्ये, म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला हे चटकन सांगणाऱ्या तक्त्यात, ठेवायची. पहिल्या ७ पाशी शून्य एकदा आलेले असते, शेवटच्या ७ पाशी दोनदा. एकूण उत्तर ३. ॲरेतून एकच फेरी होते, बदल्यात मॅपसाठी जास्तीची जागा लागते, आणि हा व्यवहार तोंडाने सांगणे हा उत्तराचाच भाग आहे.

यात एक खाच आहे. मॅपमध्ये सुरुवातीचे शून्य टाकायला विद्यार्थी विसरतात. तसे झाले तर वरच्या उदाहरणाचे उत्तर ३ ऐवजी १ येते, कारण ॲरेच्या पहिल्या घटकापासून सुरू होणारे दोन्ही तुकडे मोजलेच जात नाहीत. कोड लिहून झाल्यावर ‘झाले सर’ म्हणण्याआधी ज्याने हे सहा आकडे घेऊन ओळीने ड्राय रन केला, म्हणजे कोड हाताने चालवून पाहिला, त्याला ही चूक स्वतःच सापडते. माझ्या लेखी स्वतः पकडलेली चूक मुळात न झालेल्या चुकीपेक्षा काकणभर सरसच असते, कारण नोकरीतले बरेचसे काम तेच आहे.

अडकलात तर काय? अडकण्याची जागा शब्दांत मांडा : “दुहेरी लूप टाळायचा तर आधीच्या बेरजा कोठेतरी साठवायला हव्यात, पण त्या शोधायच्या कशा हे ठरत नाही.” एवढे ऐकले की मी बहुधा हिंट देतो. हिंट मिळणे म्हणजे गुण कापले जाणे, असे समजू नका. ती हाती घेऊन पुढे जाता येते का, हे पाहण्यासाठीच ती दिलेली असते. हिंट कानाआड करून आपलेच घोडे दामटणारा मात्र लक्षात राहतो. प्रश्न आधी सोडवलेला असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. पाठ केलेला कोड कोणी एका दमात लिहून काढला, की मी अट थोडी बदलतो, म्हणजे ‘संख्या नको, सर्वांत लांब तुकडा सांगा’ असे विचारतो, आणि दोन मिनिटांत खरे-खोटे होते.

माझी स्वतःची पहिली मुलाखत अशीच बुडाली होती. प्रश्नातला ‘सलग’ हा शब्द माझ्या कानांवरून गेला आणि मी वीस मिनिटे मान खाली घालून भलत्याच प्रश्नाचे सुंदर उत्तर लिहिले. समोरच्या गृहस्थांनी मध्ये दोनदा “काय विचार चालला आहे?” असे विचारले होते. ती त्यांनी पुढे केलेली मदत होती, हे मला घरी येताना बसमध्ये उमगले.

भाषेबद्दल थोडे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मोठ्याने विचार करण्यातली खरी अडचण इंग्रजीची वाटते. या फेरीत अलंकारिक इंग्रजी कोणी मागत नाही. लहान, तुटक वाक्ये चालतात आणि ‘दोन मिनिटे विचार करून सांगतो’ असे म्हणून थांबणेही चालते. सरावासाठी मित्राला समोर बसवावे, रोज एक प्रश्न इंग्रजीत बोलत सोडवावा आणि मोबाइलवर तो ध्वनिमुद्रित करून ऐकावा. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे खरे.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचा प्रश्न आता प्रत्येक मुलाखतीत असतो. काही कंपन्या त्यांचा वापर ठरावीक फेरीत मान्य करतात, बऱ्याच करत नाहीत. नियम आधी विचारून घ्यावा. मनाई असताना बाजूच्या पडद्यावरून वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना समोरच्याला दिसतात, आणि लिहिलेल्या ओळीचे कारण विचारले की उत्तरापूर्वी विचित्र शांतता पसरते. सरावात मात्र ही साधने उपयोगी आहेत, अट एवढीच की आधी अर्धा तास स्वतः झगडलेले असावे.

कॉलेजचे विषय

कोडिंगनंतर किंवा स्वतंत्र फेरीत डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग यांवर प्रश्न येतात. येथेही व्याख्येने भागत नाही. ‘इंडेक्स (डेटाबेसमधला शोध जलद करणारी सूची) म्हणजे काय’ याच्यामागोमाग ‘मग सगळ्याच रकान्यांवर इंडेक्स का टाकत नाही’ हा प्रश्न येतो, आणि प्रत्येक नवी नोंद लिहिताना इंडेक्सही बदलावा लागतो, त्यामुळे लेखन संथ होते व जागा लागते, हे सांगावे लागते. ट्रान्झॅक्शन समजावताना एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर काय होईल, इथून सुरुवात करावी. प्रोसेस आणि थ्रेड यांतला फरक, डेडलॉक, टीसीपी आणि यूडीपी, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर पडद्यामागे काय घडते, आणि एसक्यूएलमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधणे, एवढे तर पक्के असायलाच हवे. जे येत नाही ते येत नाही असे सांगून, ‘पण मला वाटते असे असावे’ म्हणून तर्क मांडला, तर तो ऐकून घेतला जातो.

एचआर आणि मॅनेजरची फेरी

गटात मतभेद झाला तेव्हा काय केले, एखादे काम वेळेत झाले नाही तेव्हा कोणाला कळवले, असे प्रश्न येथे असतात. आपल्याकडचे विद्यार्थी नम्रतेपोटी सतत ‘आम्ही’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यांनी स्वतः काय केले ते कळत नाही. दोन-तीन खरे प्रसंग आधी लिहून काढावेत : परिस्थिती काय होती, मी काय केले, निष्पन्न काय झाले. गणेशोत्सवाच्या मंडळाचा हिशेब सांभाळला असेल, तर तोही प्रसंग चालतो. रोबोटिक्स क्लबच लागतो असे नाही. ॲमेझॉनसारख्या कंपनीत तर नेतृत्वाची १६ तत्त्वे जाहीर केलेली आहेत आणि तेथील प्रश्न त्यांना धरूनच असतात, त्यामुळे ती वाचून जावी. बंगळूर किंवा हैदराबादला जाण्याची तयारी आहे का, हे विचारले जाईल. घरच्यांशी त्याबद्दल आधीच बोलून ठेवावे.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतील. ‘नाही’ म्हणू नका. मागच्या वर्षीच्या इंटर्नने कोणते काम केले, त्याचा कोड प्रत्यक्ष वापरात गेला का, मार्गदर्शन कोण करते, हे विचारल्याने तुम्हालाही ती जागा कशी आहे ते कळते.

निकाल आणि ऑफर लेटर

कॅम्पसवर निकाल कधी त्याच संध्याकाळी लागतो, कधी आठवडे जातात. नकार आला तर कारण बहुधा सांगितले जात नाही, म्हणून विचारलेले प्रश्न आणि आपण कोठे अडलो ते त्याच रात्री वहीत लिहावे. तीच वही पुढच्या कंपनीच्या आदल्या दिवशी सर्वांत कामाला येते.

निवड झाली तर पत्र सही करण्यापूर्वी पूर्ण वाचावे. स्टायपेंड दरमहा आहे की एकरकमी, राहण्याची सोय आहे का, कामाच्या शेवटी नोकरीची पीपीओ (प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे पदवीनंतरच्या नोकरीचा प्रस्ताव) मिळण्याची शक्यता लिहिली आहे का, एखादा बॉण्ड आहे का, हे पाहावे. प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागणारी ‘इंटर्नशिप’ कितीही गोड भाषेत आली तरी सोडून द्यावी. अनेक कॉलेजांत एक ऑफर स्वीकारली की पुढच्या कंपन्यांना बसू देत नाहीत, तो नियम टीपीओकडून लेखी घ्यावा. आणि सर्वांत आधी तारखा पाहाव्यात : कंपनीचा रुजू होण्याचा दिवस विद्यापीठाच्या परीक्षेत किंवा प्रॅक्टिकलमध्ये येत असेल, तर सही करण्याच्या दिवशीच कंपनीला ईमेल करून तारीख बदलून घ्यावी आणि कॉलेजची एनओसी (ना-हरकत पत्र) मागावी, कारण मे महिन्यात विभागप्रमुख सुट्टीवर असतात आणि त्यांच्या सहीशिवाय ती मिळत नाही.